कॉम्प्युटरला कोणी हात लावला होता का?

सकाळी सव्वानऊला सुनेने कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पंखा घरघरला, हिरवा दिवा लागला, आणि काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ आली. चालू होण्याजोगी डिस्क सापडत नाही, असं ती ओळ सांगत होती. सुनेने बटण दाबून सगळं बंद केलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा तीच ओळ.

बाहेरच्या खोलीत मिस्त्री वर्तमानपत्र वाचत बसले होते. म्हणजे तिसऱ्या पानावरची एकच बातमी त्यांनी आठ-दहा वेळा वाचली होती आणि ती कशाबद्दल आहे हे कोणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. कारण हा कॉम्प्युटर बिघडलाय ही गोष्ट घरात त्यांना एकट्यालाच, काल दुपारी चारपासून, ठाऊक होती.

मिस्त्री हे काही त्यांचं नाव नव्हे. चौतीस वर्षं लिफ्टच्या देखभालीचं काम केलं, तिथे सगळे मिस्त्री म्हणायचे, ते चिकटलं. घरात सून-मुलगा बाबा म्हणतात, बायको 'अहो' म्हणते. आठ महिन्यांपूर्वी ते निवृत्त झाले आणि तेव्हापासून घरातल्या एकाही यंत्राला सुखाची झोप नाही. पहिल्या महिन्यात मिक्सर उघडला. दुसऱ्यात भिंतीवरचं घड्याळ. मग दाराची घंटा, इस्त्री, शेजाऱ्यांचं दार आपोआप मिटवणारं ते उपकरण. हात नुसते शिवशिवतात माणसाचे. बरं, बिघडवतात असंही नाही, बहुतेक वेळा वस्तू आधीपेक्षा बरी चालते. पण बायकोचं म्हणणं रास्त होतं. ती म्हणायची, "अहो, एखादी वस्तू बंद पडेपर्यंत तरी दम धरत जा."

हा दम मिस्त्रींकडे मुळात कधी नव्हताच, आणि नोकरीच्या शेवटच्या वर्षी जो काही होता तोही संपला. त्या वर्षी लिफ्टना नवे पॅनेल आले. लॅपटॉप जोडायचा आणि पडद्यावर बघून दोष काढायचा. मिस्त्रींना चार दिवसांच्या शिकवणीला पाठवलं, त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं. साहेब चांगला माणूस. तो काही बोलला नाही, फक्त पुढच्या आठवड्यापासून मिस्त्रींच्या वाट्याला वंगण आणि दोरांची तपासणी आली. कोणी रागावून बाजूला काढलं असतं तर भांडता तरी आलं असतं. इतक्या प्रेमाने बाजूला काढल्यावर माणसाने करायचं काय? निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी हातात हात घेतले, आणि मिस्त्री घरी आले ते मनात एक ठुसठुस घेऊनच.

आता त्या कॉम्प्युटरवर काय होतं ते सांगितलं पाहिजे. सून चपला-बुटांचे नमुने आखते. साधे नव्हेत. ज्या मुलांचे पाय जन्मतः वाकडे असतात, एक लांब एक आखूड असतो, त्यांच्यासाठी. आधी एका कंपनीत करायची, चार महिन्यांपूर्वी ती नोकरी सोडून घरी बसून स्वतःचं काम सुरू केलं. एका लहानशा कारखान्याने पहिलं काम दिलं : चौदा मुलं, चौदा जोड. प्रत्येकाच्या पायाची कागदावर पेन्सिलीने काढलेली बाह्यरेषा, त्यावरून कॉम्प्युटरवर तुकड्या-तुकड्यांचा नमुना. तीन आठवडे खपून तिने तेरा पुरे केले होते, चौदावा अर्धा झाला होता. आज दुपारी चारपर्यंत ते कारखान्यात पोचायला हवे होते, कारण उद्या सकाळी चामडं कापायला घेणार. नाही पोचले तर काम पुन्हा त्यांच्या जुन्या माणसाकडे जाणार, असं मालकाने गोड शब्दांत पण स्पष्ट सांगितलं होतं. दुसरीकडे उतरवून ठेवायला हवं, असं ती रोज म्हणत होती. सगळे चौदा झाले की एकदमच उतरवू, असंही रोज म्हणत होती.

काल दुपारी ती चौदाव्या मुलाचं माप पुन्हा घ्यायला लांब गेली, ती रात्री उशिराच परतणार होती, आणि मिस्त्री तिच्या खोलीत शिरले. कॉम्प्युटरचा पंखा गेले पंधरा दिवस किंचित खरखरत होता. दुसऱ्या कोणाला ऐकूही आलं नसतं, पण ज्या माणसाने चौतीस वर्षं मोटारींना कान लावला त्याला ते रात्री उशीवरसुद्धा ऐकू यायचं. त्यांनी झाकण उघडलं, रंगाच्या कोऱ्या ब्रशने धूळ काढली, पंख्याचं पातं पुसलं. एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती.

पण आत त्यांना ती बटणाएवढी बॅटरी दिसली. मीटर खिशातच होता. लावून पाहिलं तर तीन व्होल्टऐवजी दोन पूर्णांक चार. आता लिफ्टमध्ये धोक्याच्या घंटेची बॅटरी एवढी उतरली असती तर त्यांनी संबंधित माणसाची खरडपट्टी काढली असती. ते खाली जाऊन घड्याळवाल्याकडून तशीच नवी घेऊन आले, जुनी काढली, नवी बसवली. चालू केल्यावर पडदा म्हणाला, वेळ चुकली आहे, आतलं सेटिंग पुसलं गेलं आहे, पुढे जायला कळ दाबा. सेटिंगचं काय ते त्यांना कळलं नाही, वेळेचं कळलं. चुकीची वेळ दाखवणारं यंत्र या माणसाला पाहवत नाही. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघून तारीख लावली, तास लावला, मिनिट लावलं, सेकंदाला सेकंद जुळवला आणि समाधानाने ते जपून ठेवायची कळ दाबली.

आणि मग ती पांढरी ओळ आली.

तीनदा करून पाहिलं. मग झाकण लावलं, स्क्रू होते तसे आवळले, टेबलावरचे कागद होते त्याच तिरक्या कोनात ठेवले आणि साळसूदपणे बाहेर येऊन बसले. सकाळपर्यंत आपोआप ठीक होईल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. बंद पडलेली लिफ्ट आपोआप सुरू होईल म्हणून वाट बघत बसणाऱ्या रखवालदारांना ज्यांनी जन्मभर हसून घेतलं, ते हेच मिस्त्री.

सून बाहेर आली. "बाबा, काल कॉम्प्युटर कोणी चालू केला होता का?"

"नाही बुवा," मिस्त्री म्हणाले. विचार करायच्या आधी तोंडातून निघून गेलं.

"मी तर त्या खोलीत केर काढायलाही भिते," बायको आतून म्हणाली.

सुनेने नवऱ्याला फोन लावला. तो कामासाठी परगावी. तो म्हणाला, एक ऑफिस बंद होत होतं तिथून मी हे मशीन होतं तसं उचललं, आत काय आहे मलाही माहीत नाही, दुरुस्तीवाल्या ताईंना बोलाव. ताईंना फोन झाला. त्या म्हणाल्या, पावणेअकरापर्यंत येते.

तोवर मिस्त्रींचा पाय एका जागी ठरेना. ते स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले. गॅलरीत गेले, परत आले, पुन्हा पाणी प्यायले. आता सांगून टाकू, असं म्हणत खोलीच्या दारापर्यंत गेले, तर सून मुलांच्या पायांचे कागद एकेक करून मांडत होती, ओठ घट्ट मिटून. ते तसेच मागे फिरले. मग काही काम नसताना जिन्याने तीन मजले खाली उतरले आणि वर आले.

"पोट बिघडलंय का तुमचं?" बायकोने विचारलं.

"नाही."

"मग घरात येरझारा कशाला? लिफ्ट झालीये का तुमची?"

दुरुस्तीवाल्या ताई चाळिशीच्या, आखूड केसांच्या, पाठीवर भली मोठी पिशवी. चपला दारात काढता काढताच त्यांनी विचारलं, "कोणी उघडलं होतं का मशीन? काल-परवा काही बदललं, काढलं, घातलं?"

हा तर मिस्त्रींचाच प्रश्न होता. शब्द न् शब्द त्यांचा. चौतीस वर्षं प्रत्येक इमारतीत शिरल्याबरोबर त्यांनी तोच विचारला होता, आणि प्रत्येक रखवालदाराने, प्रत्येक सेक्रेटरीने छातीवर हात ठेवून 'कोणी नाही' असं सांगितलं होतं. मग वर जाऊन बघावं तर कुलूप तोडलेलं, फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली. त्या लोकांना मिस्त्री काय काय बोलायचे, ते इथे लिहिण्यासारखं नाही. खरं सांगितलं असतं तर दहा मिनिटांत काम झालं असतं, तुमच्या खोटेपणापायी माझा दिवस गेला, हे त्यातलं सौम्य.

"नाही, कोणीच नाही," सून म्हणाली आणि सहज मिस्त्रींकडे वळून बघितलं. "हो ना बाबा?"

"छे," मिस्त्री म्हणाले.

ताईंनी झाकण उघडलं. निघालेला प्रत्येक स्क्रू त्या एका कागदावर, जिथून निघाला त्या जागेच्या हिशोबाने मांडत होत्या. मिस्त्रीही तसेच मांडायचे. "आतून किती स्वच्छ आहे हो," त्या म्हणाल्या. "लोकांच्या मशीनमध्ये उंदीर राहतील एवढा कचरा असतो." एवढ्या घोर प्रसंगातही मिस्त्रींना बरं वाटलं आणि त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं.

मग ताईंनी क्रमाने काम सुरू केलं. वायरी काढून पुन्हा बसवल्या. मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या, परत लावल्या. विजेचा दाब मोजला. मशीनच्या सेटिंगमध्ये शिरल्या, वर कोपऱ्यात तारीख-वेळ बघितली, स्वतःच्या फोनशी ताडून पाहिली. "इथलं सगळं व्यवस्थित आहे," असं म्हणून बाहेर पडल्या. शेवटी आतल्या दोन्ही डिस्क काढून एकेक करून आपल्या लॅपटॉपला जोडल्या. पहिली जोडली, लॅपटॉप म्हणाला, हिच्यावर वाचण्यासारखं काही नाही, कोरी करून देऊ का? दुसरी जोडली, तेच.

"दोन्ही एकदम?" ताईंच्या कपाळावर आठी पडली. "विजेचा झटका बसला असणार."

झटका बसलेला नाही हे मिस्त्रींना माहीत होतं. ते दारात उभे राहून बघत होते आणि त्यांचा जीव वर-खाली होत होता. दोष शोधायचा तर शेवटचा हात जिथे लागला तिथून सुरुवात करायची, हे त्यांच्या रक्तात होतं. ही बाई हुशार आहे, नीट काम करते आहे, आणि चुकीच्या दिशेने चालली आहे, कारण दिशा दाखवणारा माणूस दारात मूग गिळून उभा आहे. आता बोल, आता बोल, असं ते मनात म्हणायचे. पण सकाळी सव्वानऊला जे बोलणं सोपं होतं ते बाराला अवघड झालं होतं, आणि साडेबाराला त्याहून अवघड. सकाळी नुसतं 'मी बदलली' म्हणायचं होतं. आता 'मी बदलली आणि दोनदा खोटं बोललो' असं म्हणायचं होतं.

एक वाजता ताईंनी हात पुसले. "दोन रस्ते आहेत. डिस्कवरचं परत काढून देणाऱ्या लोकांकडे पाठवायचं, त्याला दहा-बारा दिवस. नाहीतर मी दोन्ही कोऱ्या करून सगळं नव्याने घालून देते. तासाभरात मशीन चालू होईल, पण जुनं काही मिळणार नाही."

सुनेने कारखान्यात फोन केला. मिस्त्रींना फक्त तिच्या बाजूचं ऐकू आलं. "हो... नाही, मला कळतं तुमचं... एक दिवसही नाही का?... बरं." फोन ठेवून ती जमिनीवरच बसली, चौदा कागदांच्या मधोमध. एका कागदावर चार वर्षांच्या पोराचा पाय होता. माप देताना पोर हललं असावं, टाचेपाशी पेन्सिलीची रेघ सैरभैर झाली होती. सून त्या रेघेवर अंगठा ठेवून बसली.

"चारपर्यंत घाईघाईत एखादा जोड होईल," ती म्हणाली. "फार तर दोन. जेवढे होतील तेवढे पाठवते, बाकी त्यांची मर्जी." मग ताईंकडे न बघता, "करा कोऱ्या."

"नक्की ना? नंतर मला काही करता येणार नाही."

"हो म्हटलं ना."

तिचा आवाज फाटला होता. ती लग्न होऊन घरात आल्यापासूनच्या तीन वर्षांत मिस्त्रींनी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. ताईंनी डिस्क पुन्हा लॅपटॉपला जोडली, पडद्यावर तोच प्रश्न आला, आणि त्यांचा हात पुढे गेला.

"थांबा," मिस्त्री म्हणाले. "बॅटरी मी बदललीये."

दोघींनी वर बघितलं.

"कुठली बॅटरी, काका?"

"ती आतली. बटणाएवढी. काल दुपारी. उतरली होती, म्हणून."

"पण तारीख तर बरोबर होती."

"ती मीच लावली. घड्याळात बघून."

ताईंनी हात मागे घेतला आणि डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. मग डिस्क लॅपटॉपपासून काढली आणि दोन्ही डिस्क जागच्या जागी बसवल्या. बसवता बसवताच त्यांनी समजावून सांगितलं. त्या ऑफिसवाल्यांनी दोन डिस्क मिळून एकच डिस्क केली असणार. प्रत्येक फाइल अर्धी हिच्यावर, अर्धी तिच्यावर. म्हणून एकटी-एकटी जोडली तर कोरी वाटते. या दोघी मिळून एक आहेत ही गोष्ट मशीन आपल्या सेटिंगमध्ये लक्षात ठेवतं, आणि ते लक्षात ठेवणं त्या बॅटरीवर चालतं. बॅटरी काढली, मशीन विसरलं. "बॅटरी गेली की तारीखही जाते. तारीख चुकलेली दिसली असती तर मी पहिल्याच मिनिटाला ओळखलं असतं. ती बरोबर होती, म्हणून मी त्या बाजूला बघितलंच नाही. आणि आत्ता ही एक डिस्क जरी कोरी केली असती तर दुसरीही मातीमोल."

त्या सेटिंगमध्ये शिरल्या, एका ओळीवर गेल्या, एक शब्द बदलला, बाहेर आल्या. पंखा फिरला. खरखर नव्हती. पडद्यावर सुनेचं सगळं होतं तसं उगवलं. एकावर एक चौदा नावं आणि शेवटच्यापुढे तिनेच लिहिलेलं 'अर्धं'. या सगळ्याला चार मिनिटं लागली.

ताईंनी स्क्रू लावले, पिशवी आवरली. दारात चपला घालताना त्यांनी मिस्त्रींना विचारलं, "तुम्ही काय काम करायचा, काका?"

"लिफ्टची दुरुस्ती. चौतीस वर्षं."

"मग मी काय सांगणार तुम्हाला."

"नका सांगू," मिस्त्री म्हणाले.

सून तोवर कामाला बसली होती. ती जेवायला उठली नाही. बायकोला सगळं कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तोंडाला काय कुलूप लागलं होतं का?" आणि ताट वाढून आत घेऊन गेली, ते अर्ध्याहून जास्त तसंच परत आलं. मिस्त्री गॅलरीत उभे राहिले. पाच मिनिटांनी बसले. लगेच उठले. कीबोर्डचा आवाज थांबला की ते दाराकडे कान द्यायचे, सुरू झाला की मागे टेकायचे. अडीच वाजले. तीन वाजले. सव्वातीनला त्यांना वाटलं, जाऊन विचारावं. नाही गेले. तीन चाळीसला खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि सून फोनवर कोणाला तरी म्हणाली, "चौदाही पाठवलेत. बघून घ्या."

मग ती गॅलरीत आली. डोळे लाल झाले होते. ती कठड्याला टेकून उभी राहिली, मिस्त्रींच्या शेजारी नाही, जरा लांब.

"मला राग बॅटरीचा नाही आला, बाबा."

"माहीत आहे."

"मी तुमच्याकडे बघून विचारलं होतं. दोनदा. आणि मी 'करा कोऱ्या' म्हणाले तेव्हाही तुम्ही तिथेच होतात."

"हो."

"एका क्षणाचा प्रश्न होता. मी आत बसून सारखा तोच विचार करत होते. का नाही सांगितलंत?"

मिस्त्रींनी सकाळपासून सतरा उत्तरं तयार केली होती. त्यांनी ती सगळी सोडून दिली.

"मला वाटलं, तू म्हणशील, म्हाताऱ्याला आता काही जमत नाही."

"असं मी कधी म्हणाले?"

"तू नाही." त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. "मीच म्हणतो. रोज सकाळी उठल्यावर पहिलं तेच म्हणतो. मग दिवसभर काहीतरी उघडत बसतो."

खालच्या रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, दुसरा कोणीतरी त्याला दिशा सांगत होता.

"पुढच्या वेळी मशीनला हात लावायचा तर मला विचारून," ती म्हणाली.

"नाही लावणार. आता कधीच नाही लावणार."

"तसं म्हणाले का मी?" तिचा आवाज चढला होता, अजून पुरता निवळला नव्हता. "विचारून, म्हणाले. पंख्याचा आवाज थांबलाय. पंधरा दिवस माझं डोकं उठवलं होतं त्याने, मला वाटायचं मलाच ऐकू येतो."

मिस्त्रींना एकदम रडू फुटलं. भरदुपारी, गॅलरीत, सुनेसमोर. त्यांनी तोंड फिरवलं नाही. सूनही आत गेली नाही.